मार खाण्याचा हिशेब

ऑनलाइन रोलप्लेइंग खेळांत मार खाण्यासाठी एक माणूस खास नेमलेला असतो. त्याला टँक म्हणतात. बाकीचे बॉसच्या, म्हणजे खेळातल्या बड्या शत्रूच्या, पाठीमागून वार करतात, लांबून मंत्र फेकतात, एकमेकांच्या जखमा भरतात. हा एकटा समोर उभा. बॉसचा सगळा राग स्वतःवर ओढून घ्यायचा, त्याचं तोंड बाकीच्यांपासून फिरवून धरायचं आणि हे करताना मरायचं नाही, एवढंच त्याचं काम. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्या सुरुवातीच्या काळात मोल्टन कोअरच्या लाव्ह्यात चाळीस-चाळीस जण उतरत आणि सगळ्यांची रात्र दोन-चार ढालाइतांच्या जिवावर निघत असे.

हे काम विकेटकीपरसारखं आहे. दिवसभर उकिडवं बसून शेकडो चेंडू नीट गोळा केले, तर त्याचं नाव कुणी घेत नाही. एक हातातून निसटून सीमेपार गेला, की धावफलकावर बायच्या चार धावा लागतात आणि सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. टँकचंही तसंच. तो जगला तर रेड, म्हणजे ती सामूहिक मोहीम, ‘सोपी गेली’ आणि मेला तर ‘टँक मेला’.

मी पुण्यातून एका युरोपीय गिल्डबरोबर, म्हणजे खेळाडूंच्या गटाबरोबर, खेळते, दुसरी टँक म्हणून. त्यांच्या घड्याळात रात्री आठ वाजता रेड सुरू होते. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा साडेबारा झालेले असतात. घरात निजानीज झालेली असते, त्यामुळे मी डिस्कॉर्डवर फारशी बोलत नाही. बोलायचं नसलं की बघणं वाढतं. असं बघता बघता रेड संपल्यावर लॉग वाचण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि हळूहळू मला खेळण्याइतकीच लॉगची गोडी लागली.

लॉग म्हणजे लढाईची रोजनिशी. चॅटच्या चौकटीत एक छोटी आज्ञा टाइप केली की तुमचा कॉम्प्युटर एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकेक घटना उतरवायला लागतो. घाव लागला, एक ओळ. घाव चुकला, एक ओळ. कवच चढलं, कवच उतरलं, जखम भरली, कुणी मेलं, दर वेळी एकेक ओळ. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ लिहिलेली. ही वेळ ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची असते, म्हणून एकाच घावाची नोंद माझ्या फाइलमध्ये मध्यरात्रीनंतरची आणि पोलंडमधल्या सोबत्याच्या फाइलमध्ये आदल्या रात्रीची.

पूर्वी या ओळी म्हणजे नुसती वाक्यं होती. अमक्यानं तुम्हाला इतका मार दिला, असं. खेळ इंग्रजीत असेल तर वाक्य इंग्रजी, जर्मनमध्ये असेल तर जर्मन. ॲडऑन, म्हणजे खेळाला जोडायचे छोटे प्रोग्राम, लिहिणाऱ्यांनी ती फोडून आकडे वेगळे काढायचे. मार्च २००८ मध्ये आलेल्या २.४ पॅचनं या नोंदींना रकाने दिले. घटनेचा प्रकार, करणारा, सोसणारा, अस्त्र, आकडा, त्यातला ढालीनं किती अडवला, कवचानं किती शोषला, सगळं वेगवेगळं. बॉसचा कुणावर किती राग आहे, हे तर खेळ तेव्हा दाखवतही नसे. नियम ठरलेला होता. जवळ उभ्या असलेल्यानं टँकपेक्षा एक दशांश जास्त राग ओढवला, किंवा लांब असलेल्यानं तीन दशांश जास्त, की बॉस त्याच्याकडे वळायचा. पण तो राग मोजायचा कसा? खेळाडूंनी एकेका अस्त्राचे प्रयोग करून त्याचे आकडे काढले आणि लॉगमधल्या घावांवरून हिशेब करणारे थ्रेट मीटर स्वतःच बनवले. कंपनीनं तो आकडा ॲडऑनना उघड करून दिला २००८ च्या शेवटी शेवटी. म्हणजे चार वर्षं टँक मंडळी एका अदृश्य गोष्टीचा हिशेब नोंदींवरून मांडत होती.

आता फाइल वॉरक्राफ्ट लॉग्ज या संकेतस्थळावर चढवली की आलेख, तक्ते, रंग सगळं आपोआप तयार होतं. रंगांचं प्रकरण मजेशीर आहे. त्याच बॉसशी लढलेल्या, आपल्याच प्रकारच्या इतर खेळाडूंत आपण कुठे बसतो त्यावरून राखाडी, हिरवा, निळा, जांभळा, केशरी, गुलाबी आणि अगदी वरच्याला सोनेरी रंग मिळतो. आता टँकला रंग कशावरून द्यायचा? सरसकट बघायचं तर त्यानं दिलेल्या मारावरूनच दिला जातो. ज्याला खायला ठेवलं त्याचे गुण देण्यावर! २०१९ मध्ये जुना खेळ ‘क्लासिक’ म्हणून परत आला तेव्हा ढाल बाजूला ठेवून दोन्ही हातांत शस्त्रं घेणाऱ्या योद्ध्यांची चलती झाली. त्यामागे तर्क होता. जास्त मार दिला की बॉसचा राग जास्त ओढला जातो आणि मग बाकीच्यांनाही हात आखडता घ्यावा लागत नाही. पण त्या तर्काच्या आडून कितीजण नुसत्या केशरी रंगाच्या मागे होते, ते त्यांनाच ठाऊक.

बरं, दिलेला मार सोडून खाल्लेला मार मोजावा, तर तोही सरळ नाही. दोन टँकांपैकी एकीनं कमी मार खाल्ला, याचा अर्थ ती हुशार की तिनं बॉस वेळेवर आपल्याकडे घेतलाच नाही? एकानं खूप खाल्ला, तो बेफिकीर की त्यानं दुसऱ्याच्या वाटणीचंही अंगावर घेतलं? त्यात एकेका टँकची जात वेगळी. ब्रूमास्टर मंक लागलेल्या घावाचा मोठा भाग पुढे ढकलतो आणि मग थोडा थोडा सोसत राहतो, म्हणून त्याच्या लॉगमध्ये बारीक बारीक जखमांची रिपरिप दिसते. डेथ नाइटचा एक वार गेल्या पाच सेकंदांत जेवढा मार बसला त्याच्या प्रमाणात जखम भरून काढतो. तो वार घाव लागायच्या आधी मारला तर फुकट, नंतर मारला तर अमृत. अशा दोघांच्या बेरजा शेजारी शेजारी मांडून काय कळणार? मी बेरजेचा तक्ता उघडते, पण तिथे रेंगाळत नाही.

मृत्यूच्या पानावर मात्र रेंगाळते. तिथे मेलेल्या खेळाडूच्या शेवटच्या काही सेकंदांच्या ओळी खाली-वर लावलेल्या असतात. नवा माणूस शेवटची ओळ वाचतो, ‘याने मारलं’ म्हणतो आणि पान बंद करतो. शेवटच्या ओळीत उपयोगाचा आकडा एकच, ओव्हरकिलचा. जीव जायला लागत होतं त्याहून घाव किती जास्त बसला, तो आकडा. तो शंभर-दोनशेचा असेल तर कुठलंही एक छोटं कवच पुरलं असतं. तो अर्ध्या जिवाएवढा असेल तर हे मरण त्या घावात नव्हतंच. ते वर कुठेतरी आहे आणि एकेक ओळ वर चढत ते शोधायचं. जीव पूर्ण भरलेला होता ती शेवटची ओळ कुठली? तिथून इथवर किती वेळ गेला? त्यात हीलरच्या, म्हणजे जखमा भरणाऱ्याच्या, किती ओळी आहेत आणि असायला किती हव्यात? दोन घावांमधलं अंतर नेहमीएवढंच होतं की मध्येच आखूड झालं? जुन्या नियमांत बॉसनं आपला वार शस्त्रावर परतवला तर त्याचा पुढचा घाव ठरल्या वेळेआधी येऊ शकतो. समोरून घाईघाईनं वार करणाऱ्या एखाद्या सोबत्यापायी टँकवर दोन घाव जवळजवळ एकदम पडतात आणि त्या सोबत्याचं नाव मृत्यूच्या पानावर कुठेच नसतं.

मला लॉगबद्दल सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. लॉग जे घडलं ते लिहितो. टँकच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा न घडलेल्या गोष्टीत असतं. एक कवच चढलं नाही, एक हील आला नाही, एक बटण राखून ठेवलं नाही. न घडलेल्या गोष्टीची ओळ नसते. ती कुठे असायला हवी होती हे ठाऊक असेल, तरच तिची जागा रिकामी दिसते. नाहीतर लॉग गच्च भरलेला दिसतो आणि त्यात काहीच सापडत नाही.

इलिडानचं उदाहरण देते. ब्लॅक टेंपलच्या गच्चीवरचा हा शेवटचा बॉस मूळ खेळात २००७ मध्ये आला आणि क्लासिकमध्ये जानेवारी २०२२ मध्ये परत आला. त्याचं एक अस्त्र आहे, शिअर. दीड सेकंद हात उगारून तो ते टँकवर टाकतो आणि लागलं तर टँकची जीव धरण्याची ताकदच साठ टक्क्यांनी घटते, सात सेकंदांसाठी. समजा वीस हजारांचा टँक. तो एका क्षणात आठ हजारांचा होतो. मग इलिडानचे साधे दोन घावही पुरतात. हे अस्त्र चुकवता येतं. अंग चोरून, शस्त्रावर झेलून किंवा ढालीवर घेऊन. पहिले दोन नशिबाच्या हातात. ढाल मात्र योद्ध्याच्या हातात, कारण त्याच्याकडे शील्ड ब्लॉक नावाचं बटण आहे.

त्या काळच्या शील्ड ब्लॉकची अट नीट लक्षात घ्यायला हवी. बटण दाबलं की पाच सेकंद ढाल वर राहते, पण अडवते फक्त एक घाव. वेगळे गुण खर्च करून ते वाढवून घेतलेल्या योद्ध्याला सहा सेकंद आणि दोन घाव. मग ढाल खाली. बटण पुन्हा दाबता येतं पाच सेकंदांनी. कागदावर बघितलं तर ढाल कायम वर ठेवता येईल असंच वाटतं. पाच सेकंदांनी पुन्हा दाबायचं, सहा सेकंद टिकतं, एक सेकंद उलट शिल्लक. पण ती दोन घावांत संपते, आणि घाव शिअरचा आहे की साधा, याच्याशी ढालीला काही देणंघेणं नसतं.

आमचा मुख्य टँक पोलंडचा, कमी बोलणारा, बटणांच्या बाबतीत घड्याळासारखा. शील्ड ब्लॉक मोकळं झालं की तो दाबणार म्हणजे दाबणार. एका रात्री आम्ही इलिडानच्या लढाईच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत जात होतो आणि तिथे तो कोसळत होता. डिस्कॉर्डवर ठरलेल्या क्रमानं ठरलेली वाक्यं आली. हीलर झोपले होते का? इथपासून. आमच्यात सांगलीचा एक हीलर आहे, नोकरीसाठी आइंडहोवनला असतो. त्यानं मला वेगळा मेसेज टाकला, “ताई, माझा हील निघालेला होता हो. तो पोचायच्या आत गेला तो. जरा बघा ना लॉगमध्ये.”

बघितलं. सांगलीकराचा हील सुरू झाल्याची ओळ होती, पूर्ण झाल्याची नव्हती. तो खरं बोलत होता. पण त्यानं प्रश्न सुटत नव्हता; तो वेळेवर निघूनही का पोचला नाही, हा खरा प्रश्न. वर चढत गेले. शिअर लागल्याची ओळ सापडली. तिच्या दीड सेकंद वर इलिडाननं हात उगारल्याची ओळ. आणि तिच्याही वर, एक सेकंद आधी, शील्ड ब्लॉक उतरल्याची ओळ. ती चढल्याची ओळ जेमतेम दोन-अडीच सेकंद मागे. सहा सेकंदांची ढाल अडीच सेकंदांत संपली होती, कारण मधल्या दोन साध्या घावांनी ती खाऊन टाकली. इलिडाननं हात उगारला तेव्हा ढाल खाली होती आणि बटण अजून बंद. त्या दीड सेकंदात जगातला सर्वांत चपळ टँकसुद्धा काही करू शकला नसता.

म्हणजे तो कामचुकार होता म्हणून मरत नव्हता, कामसू होता म्हणून मरत होता. बटण किती वेळा वापरलं, हा तक्ता उघडला असता तर तो नमुना म्हणून दाखवण्याजोगा होता. एकही संधी वाया घालवलेली नाही. आणि नेमकं तेच चुकत होतं. इथे बटण मोकळं झाल्यावर हात आवरायचा होता. साधे घाव अंगावर घ्यायचे, हीलरना सांगून ठेवायचं की आता जरा जास्त लागेल, आणि हात उगारलेला दिसला की मग ढाल वर करायची. दीड सेकंद त्यासाठी पुरेसा आहे, बटण मोकळं असेल तर. ही थांबण्याची कला लॉगमध्ये दिसते ती फक्त दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेसारखी. जो रकाने मोजतो, त्याला त्या जागी आळस दिसेल.

मी त्याला इंग्रजीत तीनच ओळी लिहिल्या. ढाल कधी उतरली, हात कधी उगारला, शिअर कधी लागला. तिन्ही वेळा शेजारी शेजारी. त्यावर माझं मत काही लिहिलं नाही. त्यानं “हं” एवढं उत्तर दिलं आणि पुढच्या खेपेला हात आवरला. लॉगचं मला आवडतं ते हे की तो ‘कोण’ या प्रश्नावरून माणसांना ‘कधी’ या प्रश्नावर आणतो. ‘कोण’वर भांडण होतं. ‘कधी’वर माणसं पडद्यापाशी वाकून बघायला लागतात. पण तो आपोआप आणत नाही. त्याच लॉगमधला दुसरा तक्ता उघडून त्याच रात्री एखाद्या हीलरला गिल्डमधून घालवूनही देता आलं असतं, आकड्यांचा पुरावा देऊन. आकडे दोन्हीकडे खरेच असते.

लॉगच्या आणखी एका स्वभावाची दखल घ्यायला हवी. बटण दाबलं आणि ते लागलंच नाही, कारण ते अजून बंद होतं, किंवा बॉस हाताच्या टप्प्याबाहेर होता, किंवा बटणासाठी लागणारा योद्ध्याचा स्वतःचा राग पुरेसा साठला नव्हता, तर त्याची नोंद होते. पण ती होते फक्त दाबणाऱ्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये. दुसऱ्या कुणाच्याही लॉगमध्ये ती ओळ येत नाही. माझ्या फाइलवरून मी पोलंडच्या टँकनं काय केलं ते सांगू शकते. काय करायला धडपडला ते नाही. ढाल खाली होती हे मला दिसतं. ती वर करायला त्यानं बोटं आपटली की नाही, हे त्याच्या एकट्याच्या कॉम्प्युटरला ठाऊक. म्हणून दुसऱ्याच्या लॉगवरून मी कुणाला ‘तू दाबलंच नाहीस’ असं म्हणत नाही. पुण्याहून युरोपच्या सर्व्हरपर्यंत बटणाला जायला-यायला जो वेळ लागतो, त्याची सवय असलेल्या माणसाला हे निराळं सांगावं लागत नाही. टँकनं शिकायचं तर आपला लॉग आपणच उतरवावा, हे मी नव्यांना पहिल्यांदा सांगते. तिथे न लागलेल्या बटणांच्या ओळींचा पुंजका दिसला, की माणूस कुठे घाबरला होता ते बरोब्बर कळतं.

त्या रात्री नाही, पण पुढच्या आठवड्यात इलिडान पडला. सगळ्यांनी आरडाओरडा केला, पडद्याचे फोटो काढले आणि मग लॉगकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. साहजिक आहे. मेलेल्या रात्रीचं शवविच्छेदन सगळे करतात, जिंकलेल्या रात्रीचं कशाला करायचं? मी मात्र तो लॉग उघडला आणि फक्त शिअरच्या ओळी गाळून घेतल्या. अस्त्र चुकलं तर ते कसं चुकलं, ढालीवर, शस्त्रावर की अंग चोरून, हे लॉग वेगवेगळं लिहितो. बहुतेक ओळी ढालीच्या होत्या. आवरलेल्या हाताची ती कमाई. पण अधूनमधून एखादी अंग चोरल्याची होती, आणि तिच्यावरच्या ओळी पाहिल्या तर तिथेही ढाल आधीच संपलेली. म्हणजे तेवढ्या जागी आम्ही तसेच मेलो असतो जसे आधीच्या आठवड्यात मेलो, फक्त फासा आमच्या बाजूनं पडला.

माझं म्हणणं ऐकून सांगलीकर वैतागला. “ताई, मेला ना तो? मग आता काय!” मला त्याचं पटत नाही. हरलेल्या लॉगमधली रिकामी जागा कुणीतरी दाखवतंच, कारण तिच्यापुढे प्रेत पडलेलं असतं. जिंकलेल्या लॉगमधली रिकामी जागा भरलेली दिसते. तिथे नशिबाची ओळ येऊन बसलेली असते आणि लांबून ती कौशल्यासारखीच दिसते. इलिडान दर आठवड्याला परत गच्चीवर उभा राहतो. फासा दर आठवड्याला तसाच पडेल याची कुणी हमी देत नाही. म्हणून ज्यांना टँकिंग शिकायचं आहे त्यांनी पडलेल्या बॉसचा लॉग आधी वाचावा, आणि ‘आपण कसे जिंकलो’ हा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक चुकलेल्या घावापुढे एवढंच विचारावं, की हा आपण चुकवला, की तो आपला आपण चुकला? दोन्हींची बेरीज सारखीच येते. पुढच्या आठवड्यात उपयोग मात्र पहिल्याचाच होतो.